माहीत असलेलं दुखणं



मारुंजीत गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, पाण्यावर, शेतीवर बोलणारी मोठी माणसं येऊन गेली. मला बोलवायला पोरं आली तेव्हा मी त्यांना सांगितलं, बाबांनो, मला एकच विषय येतो, कॉम्प्युटर का बिघडतो. हिंजवडीत आयुष्यभर मी तेवढंच केलं. पोरं म्हणाली, मग तोच घ्या, घरोघर एक तरी बिघडलेला आहेच.

गुरुजींचा आणि कॉम्प्युटरचा काही संबंध नव्हता. पण त्यांच्या विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरची पेटी मी पाहिलेली आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात ओळी लिहिलेल्या असायच्या. अमुक तारखेला रिले बदलला. अमुक तारखेला मोटर नुसती गुणगुणली, एक फेज नव्हता. वायरमन बदलले, मोटर बदलली, पण नवा वायरमन आला की आधी झाकण वाचायचा आणि मग पक्कड काढायचा. मी पुढे ज्या नोकरीत पगार घेतला ती सगळी या झाकणातच होती, हे मला फार उशिरा कळलं.

कॉम्प्युटरच्या दोषाला ‘बग’ का म्हणतात, म्हणून १९४७ साली अमेरिकेतल्या एका यंत्रात सापडलेल्या पतंगाची गोष्ट लोक सांगतात. ती मी सांगणार नाही. सगळ्यांनी ऐकलेली आहे, आणि किडा डोळ्यांनी दिसला तर काम सोपंच असतं.

आमच्या धंद्यात एक वाक्य फार चालतं. फोनवर समोरचा माणूस दहा मिनिटं गाऱ्हाणं सांगतो, आपण सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, ‘सर, हा नोन इश्यू आहे.’ म्हणजे माहीत असलेला दोष. हे ऐकून माणूस जरा शांत होतो. डॉक्टरांनी ‘साथ आहे, सगळीकडे हेच चाललंय’ म्हटलं की पेशंटला अर्धं बरं वाटतं, तसं. पण माहीत कुणाला? कंपनीने ते तिच्या कुठल्या तरी पानावर लिहून ठेवलेलं असतं. काय दिसतं, कशाने होतं, पक्का इलाज येईपर्यंत काय करायचं, असं सगळं. ज्याचं दुखतंय त्याला मात्र ते माहीत नसतं, कारण तो ज्या शब्दांत विव्हळतोय त्या शब्दांत ते लिहिलेलंच नाही.

त्याचे शब्द ऐका.

‘काय होतंय?’

‘चालत नाही.’

‘काय चालत नाही?’

‘काहीच.’

‘स्क्रीनवर काही लिहून आलं होतं का?’

‘इंग्लिशमधे काहीतरी आलं होतं. मी ओके केलं.’

हे ‘मी ओके केलं’ मी हजार वेळा ऐकलं असेल. त्यात त्या माणसाची चूक नाही. चौकट आली की ती घालवायची असते, एवढंच आपण त्याला शिकवलंय. साक्षीदार बोलायला उभा राहिला आणि आपण त्याला चहा पाजून परत पाठवला, असा तो प्रकार आहे.

आता जवळचं उदाहरण. आपल्या बाजूच्या एका गावात छोटी पतसंस्था आहे. नाव घेत नाही. तिथल्या क्लार्क ताईंचा मला फोन आला की कॉम्प्युटर हॅक झालाय. रोज सकाळी मशीन लावलं की बँकेचं पान उघडायला जावं तर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारून दिला होता. दुकानात उत्तम चालतो, पतसंस्थेत आणून लावला की पुन्हा तेच. कुणीतरी वास्तूवरही शंका घेतली होती.

मी गेलो. कीबोर्डला हात लावला नाही, नुसता बसून राहिलो. ताईंनी भिंतीवरचं बटण दाबलं, मशीन सुरू केलं, पान उघडलं, लाल अक्षरं आली. उजव्या कोपऱ्यात खाली तारीख होती, १ जानेवारी २००९. वेळ बारा वाजून सहा मिनिटं. ती तारीख रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. कोपऱ्यात असल्यामुळे कुणी वाचली नव्हती.

झालं होतं ते असं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. त्याला सीआर २०३२ म्हणतात. ते साल नव्हे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. हा सेल मेला होता. ताई शिस्तीच्या, संध्याकाळी निघताना भिंतीवरचं बटण बंद करून जायच्या. वीज तुटली की घड्याळ पुसलं जायचं आणि सकाळी मशीन २००९ सालात जागं व्हायचं. बँकेच्या साइटला एक प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य. २००९ सालात बसलेल्या मशीनला ते भविष्यातलं वाटणारच. म्हणून ते ओरडायचं, सुरक्षित नाही! खोटं बोलत नव्हतं बिचारं. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं.

तुम्ही म्हणाल, इंटरनेटवरून वेळ आपोआप लागते की. लागते. पण चूक पंधरा तासांपेक्षा जास्त निघाली तर विंडोज सहसा आपण होऊन हात लावत नाही. एवढा फरक म्हणजे कुणीतरी मुद्दाम फसवतंय, असं धरून ते गप्प बसतं. सावधपणाचाच नियम आहे, इथे तो आडवा आला. आणि दुकानात का चालायचं? तिथे फॉरमॅट मारताना दुकानदार तारीख टाकायचा आणि प्लग काढायचाच नाही.

चाळीस रुपयांचा सेल. तोही घड्याळवाल्याकडून आणला. दोन फॉरमॅटचे पैसे गेले, जुन्या फाइलींतल्या काही गेल्या. फॉरमॅट मारणं हे आपल्याकडचं सर्वांत लोकप्रिय औषध आहे, आणि मला त्याचा राग एवढ्यासाठीच आहे की त्याने दुखण्याबरोबर पुरावाही जातो. विंडोजमधे इव्हेंट व्ह्यूअर म्हणून एक दप्तर असतं. केव्हा सुरू झालं, केव्हा बंद पडलं, कुठली सेवा उठली नाही, सगळं त्यात तारीखवार. लिनक्समधे हीच नोंद जर्नलमधे सापडते. पतसंस्थेच्या मशीनवरचं ते दप्तर पहिल्याच फॉरमॅटच्या आधी कुणी उघडलं असतं, तर रोज सकाळी २००९ सालापासून सुरू होणाऱ्या नोंदी दिसल्या असत्या.

‘बंद करून चालू करा’ या आमच्या दुसऱ्या औषधाची सगळे थट्टा करतात. मला ते औषध मान्य आहे. का लागू पडतं ते सांगतो. विंडोज ९५ आणि ९८ मधे एक दोष होता. मशीन सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले याची मोजणी ज्या रकान्यात व्हायची त्यात ३२ बिटांचा आकडा मावायचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. ते भरतात ४९.७ दिवसांत. रकाना भरला की आकडा परत शून्यावर यायचा आणि मशीन अडकून पडायचं. गंमत म्हणजे १९९५ साली विकायला आलेल्या सिस्टिममधला हा दोष जाहीर व्हायला १९९९ उजाडलं. कारण उघड आहे. पन्नास दिवस न अडकता चाललेलं विंडोज ९५ पाहिलेला माणूसच दुर्मिळ होता. एका दोषाने दुसऱ्याला पदराखाली घेतलं होतं.

घड्याळाचाच विषय निघालाय तर अजून एक. आपल्या पंचांगात अधिक महिना येतो. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा लहान पडतं म्हणून तीन वर्षांच्या आत-बाहेर एक महिना वाढवायचा, धोंड्याचा महिना. २०१२ साली अधिक भाद्रपद होता. जगाच्या घड्याळालाही असाच एक अधिक सेकंद लागतो, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला. तोही त्याच वर्षी आला. रविवार, १ जुलै २०१२, आपल्याकडे पहाटे साडेपाचला. पाच एकोणतीस आणि एकोणसाठ सेकंदांनंतर एक साठावा सेकंद.

लिनक्सच्या गाभ्यातल्या एका भागाने हा सेकंद मोजला, पण गजर सांभाळणाऱ्या दुसऱ्या भागाला ते कळवलंच नाही. दोघांत एका सेकंदाचं अंतर पडलं. आता ज्या प्रोग्रॅमने ‘मला अर्ध्या सेकंदाने उठव’ असं सांगितलेलं, त्याला वाटे वेळ उलटून गेलेली आहे. तो उठे, काम नाही पाहून परत झोपे, लगेच पुन्हा उठे. तान्ह्या पोराची आई असते तशी जगभरच्या सर्व्हरांची अवस्था. प्रोसेसर शंभर टक्के. जर्मनीतल्या हेट्झनर कंपनीने ग्राहकांना कळवलं की तिच्या डेटा सेंटरचा वीजवापर एकाएकी सुमारे एक मेगावॉटने चढला आहे. एका सेकंदापायी!

आणि उपाय? ‘डेट’ नावाच्या कमांडने घड्याळाला विचारायचं, तुझ्याकडे किती वाजलेत, आणि तीच वेळ त्याला पुन्हा लावायची. बस. वेळ लावताना गजरवाल्या भागाला निरोप जायचा आणि सगळं शांत. एवढीशी एक ओळ. पहिल्या काही तासांत ज्यांना ती सापडली त्यांनी ती लगेच लक्षणांसकट लिहून टाकली, आणि पुढच्या माणसाला ती शोधल्याबरोबर मिळाली. ज्यांच्यापर्यंत ओळ पोचली नाही ते रविवारभर मशीनं बंद-चालू करत बसले. त्यानेही बरं व्हायचंच.

पण माहीत असलेला उपाय म्हणजे बरा उपाय, असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्यांची मंगळवार सकाळ म्हणजे आपली मंगळवार रात्र, त्यामुळे त्याचे परिणाम आपल्याला बुधवारी सकाळी दिसतात. २०२१ च्या गणपतीत, १४ सप्टेंबरला, अशीच दुरुस्ती आली. त्या वर्षी विंडोजच्या छपाईच्या यंत्रणेत गंभीर भोकं सापडली होती, ती बुजवायचं काम चालू होतं. दुरुस्ती बसली आणि जगभर कितीतरी ऑफिसांतला शेजारच्या टेबलावरचा सामायिक प्रिंटर मुका झाला. एरर यायचा तो शून्यांची लांब रांग आणि शेवटी ११बी. आजही कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं ‘अकरा बी’ म्हणा, पोरगं मान वर न करता म्हणेल, रजिस्ट्रीत एक नोंद शून्य करायची.

बरोबर आहे, प्रिंटर चालतो. पण ती नोंद शून्य करणं म्हणजे नुकतंच बसवलेलं कुलूप काढून ठेवणं. दार उघडत नाही म्हणून कुलूप काढलं, एवढाच तो इलाज. खरा इलाज म्हणजे सर्व्हर आणि मशीनं दोन्हीकडे पुढच्या दुरुस्त्या बसवायच्या आणि प्रिंटरचे ड्रायव्हर नवे घ्यायचे. पण ‘तोवर काय करायचं’ यासाठीची गोष्ट आपल्याकडे कायमची होऊन बसते. चिंधी बांधलेला नळ दहा वर्षं चालतो तसा. ती शून्याची नोंद कित्येक मशीनवर आजही तशीच असेल, आणि कुणी, केव्हा, का केली हे कुठेही लिहिलेलं नसेल.

आता तुम्ही ज्याची वाट पाहत असाल तो दिवस. शुक्रवार, १९ जुलै २०२४. आषाढी होऊन दोन दिवस झाले होते. मी तोवर नोकरीतून मोकळा झालो होतो, घरी टीव्हीवर पाहत होतो. विमानतळांवरचे फलक निळे पडले होते. हैदराबादला एका प्रवाशाला हाताने लिहिलेला बोर्डिंग पास मिळाला, त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल.

क्राउडस्ट्राइक ही सुरक्षेचं सॉफ्टवेअर देणारी अमेरिकन कंपनी. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, आपल्या वेळेने, तिने नव्या धोक्यांची माहिती देणारी एक छोटी फाइल जगभर पाठवली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. मधल्या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख विंडोज मशीनं कोसळली. आणि ही सगळ्या विंडोज मशीनांच्या एक टक्काही नव्हती. फक्त ती नेमकी विमान कंपन्यांची, बँकांची, दवाखान्यांची होती.

दोष किती साधा, बघा. फॉर्मात २१ रकाने जाहीर केले होते. फॉर्म भरणारा भाग मात्र २०च माहिती पुरवत होता. हे महिन्यांपासून असंच होतं. पण आधीच्या फाइलींत आणि चाचण्यांत एकविसाव्या रकान्यासमोर ‘काहीही चालेल’ असं लिहिलेलं असे, म्हणून कुणी तो उघडून बघायलाच जात नव्हतं. १९ जुलैच्या फाइलीत पहिल्यांदा तिथे ‘अमुकच पाहिजे’ असं आलं. प्रोग्रॅम एकविसावं पान वाचायला गेला, वही विसाव्यालाच संपली होती.

साधा प्रोग्रॅम असता तर तो एकटा बंद पडला असता. घरातला बल्ब गेला तर त्या खोलीत अंधार होतो, पण डीपी उडाली की सगळी आळी अंधारात. हे सॉफ्टवेअर सिस्टिमच्या गाभ्यात, डीपीवर बसलेलं. तिथे चूक झाली की विंडोज मुद्दाम स्वतःला थांबवतं, पुढे जाऊन आणखी नासधूस नको म्हणून. तोच ब्लू स्क्रीन. लोक त्याला शिव्या देतात. तो खरं तर एमसीबी आहे.

उपायही सोपा होता. सेफ मोडमधे जायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरात क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडायचं, सी, डॅश, मग शून्यं आणि २९१ अशा नावाची फाइल काढून टाकायची, पुन्हा सुरू करायचं. पण किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. दुरुस्ती नेटवरून घ्यायला मशीन उठायला हवं, आणि ते उठताच पुन्हा पडत होतं. म्हणजे प्रत्येक मशीनजवळ माणूस जायला हवा. मायक्रोसॉफ्टने क्लाउडवरच्या ग्राहकांना तर पंधरा वेळापर्यंत रीस्टार्ट करून बघा असं सुचवलं. ‘बंद करून चालू करा’ची एवढी मोठी जाहीर दखल मी पूर्वी पाहिली नव्हती!

त्यातून ज्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने बंद केलेली, त्यांना सेफ मोडच्या आधी ४८ आकड्यांची किल्ली लागते. सहा आकड्यांचे आठ गट. फोनवरून सपोर्टवाला वाचतोय, तिकडून कुणीतरी दाबतंय. यात एक नाजूक कारागिरी आहे, ती दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही. प्रत्येक सहा आकडी गटाला ११ ने निःशेष भाग जातो. एक आकडा चुकीचा पडला तर भाग जात नाही, आणि मशीन तिथल्या तिथे सांगतं, हाच गट चुकलाय, पुन्हा टाका. माणूस फोनवर ऐकताना चुकणार हे कुणीतरी आधीच धरून चाललं होतं.

क्राउडस्ट्राइकने ६ ऑगस्टला मूळ कारणाचा अहवाल जाहीर केला, रकान्यांच्या आकड्यांसकट. कंपनी म्हणून तिच्याविषयी कुणाचं काय मत असेल ते असो. २० आणि २१ हे दोन आकडे चारचौघांत लिहून दाखवायला हिंमत लागते.

आता आपल्या घरचं दुखणं. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला तो डोळ्याच्या पापणीसारखा र मराठीला जीव की प्राण. तो नसला तर ‘आचाऱ्याला बोलवा’ म्हटलं की आचार्य येऊन बसतील. युनिकोडमधे हा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य सांधणारं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. मशीनला दोन वेगळे शब्द. यादी एका कीबोर्डने केली आणि शोध दुसऱ्याने घेतला की ‘बिऱ्हाड’ समोर असून सापडत नाही. खिडकीवरचा माणूस म्हणतो, नाव नाही यादीत. तो खोटं बोलत नाही. घड्याळ गेलेल्या त्या मशीनसारखाच.

देवनागरीसाठी आपण पुण्यात बसून कितीतरी काम केलंय. सी-डॅकमधे जिस्ट या लिपीच्या तंत्रावर काम झालं, भारतीय लिप्यांचं ‘इस्की’ हे मानक १९९१ साली झालं, डीटीपीवाल्यांच्या हातात श्रीलिपी आली. तरी मराठीच्या बिघाडांची मराठीत लिहिलेली नोंद विचाराल, तर हाताशी फारशी काही नाही. फेब्रुवारी २०१८ मधे आयफोन आणि मॅक एका तेलुगू अक्षराने कोसळायला लागले. ते अक्षर होतं ‘ज्ञा’. ज्ञानातलं! संदेशात ते आलं की ॲप बंद. ॲपलने १९ फेब्रुवारीला दुरुस्ती दिली. पण त्याआधी आयआयटी मुंबईत शिकलेले प्रोग्रामर मनीष गोरेगावकर यांनी तो प्रकार उलगडत नेला आणि दाखवलं की दोष एका तेलुगू अक्षराचा नाही. व्यंजन, हलन्त, व्यंजन, मग एक अदृश्य तोडणारं चिन्ह आणि स्वर, अशा ठरावीक जुळणीचा आहे, आणि तो बंगालीत आणि आपल्या देवनागरीतही येतो. देवनागरीत ते दुसरं व्यंजन असतं र. ज्याला जोडाक्षर कसं घडतं हे लहानपणी पाटीवर शिकवलेलं आहे, त्याचाच हात तिथे चालणार. हे सगळं त्यांनी लिहिलं ते इंग्रजीत, आणि ते योग्यच होतं, दुरुस्त करणारे तिकडे होते.

गेल्या पंधरवड्यात गुरुजींचे एक विद्यार्थी भेटले. त्यांचं चाकणला वर्कशॉप आहे. कारखान्याच्या उसाचे ट्रॅक्टर आणि आयटीच्या बसा यांच्यामधून वाट काढत दीड तासाने ते मला तिथे घेऊन गेले. त्यांनी कुठेतरी २०३८ चं ऐकलं होतं. जुन्या ३२ बिटांच्या सिस्टिम १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात. त्यांचा रकाना १९ जानेवारी २०३८ ला भरतो, आपल्या घड्याळात मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला त्या १९०१ सालात जातात. लिनक्सच्या गाभ्यात ३२ बिटांसाठीची दुरुस्ती २०२० साली पुरी झाली. पण मशीनच्या पोटात बसवलेल्या कार्डात तोच जुना गाभा असेल तर?

त्यांच्याकडे एक जादा कंट्रोलर फळीवर पडून होता. मी म्हटलं, वाट कशाला बघायची? त्याला वीज दिली, तारीख टाकली १९ जानेवारी २०३८, वेळ ८ वाजून ४० मिनिटं. मधल्या वेळात चहा आला. दोन कामगार हातातलं काम टाकून येऊन उभे राहिले. ८ वाजून ४४. सात सेकंद. आकडे हलले आणि पडद्यावर १९०१ आलं. ऑइल सोडायचा टायमर जो थांबला तो थांबलाच.

कुणी काही बोललं नाही. मग मालकांनी चालू मशीनच्या पॅनेलचं दार उघडलं, खिशातून पेन्सिल काढली आणि आतल्या बाजूला लिहिलं: ‘१९/१/३८ सकाळी ८.४४ च्या आधी कार्ड बदलणे. तारीख १९०१ दिसेल, ऑइल बंद पडेल. मशीन ठीक आहे, घड्याळ गेलं.’